मिनिटाला अकराशे फेरे

थ्रीडीवाल्याच्या घरात एकाच खोलीत दिवसही होता आणि रात्रही, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम तीन फूट जागा होती. एका भिंतीला त्याचं टेबल, समोरच्या भिंतीला बायकोचा पलंग. बायको नर्स होती. एका मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं सलग रात्रपाळी. कारण रात्रपाळीला कोणी तयार होत नाही आणि हिला नाही म्हणता येत नाही. सकाळी साडेनऊला ती घरी यायची, अंघोळ करायची, अर्धा कप चहा तसाच टाकून दहाला आडवी व्हायची. बरोबर दहाला त्याचा कामाचा दिवस सुरू व्हायचा.

इमारतीतले सगळे तिला सिस्टर म्हणत. खालच्या मजल्यावरचे आजोबा रक्तदाब मोजून घ्यायला येत, तेही सिस्टर म्हणत. ऐकून ऐकून हाही सिस्टर म्हणायला लागला. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा माणूस म्हणून मित्रांनी त्याची इतकी चेष्टा केली होती की आता त्यांनाच त्या चेष्टेचा कंटाळा आला होता.

त्याचा धंदा न बांधलेल्या घरांची थ्रीडी चित्रं काढायचा. बिल्डरच्या ऑफिसातून नकाशा आला की त्यावरून तो संगणकात खोली उभी करी, तिच्यात सोफा ठेवी, पडदे लावी, खिडकीतून ऊन सोडी. मग एक बटण दाबलं की मशीन अर्धा-पाऊण तास हिशेब करत बसे, आणि शेवटी फोटो वाटावा असं चित्र बाहेर येई. या हिशेबाला रेंडर म्हणतात. दहा बाय चौदाच्या खोलीत बसून हा माणूस आठवड्याला पाच-सहा प्रशस्त दिवाणखाने उभे करी. त्यातल्या एकातही आपण राहणार नाही याचं पूर्वी त्याला वाईट वाटायचं. आता वाईट वाटून घ्यायलाही सवड लागते, ती नव्हती.

आधीचं मशीन दुकानातून तयार आणलेलं, पुराणं, आणि सुरू केलं की गिरणीसारखं गरगरणारं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्याने जीव टाकला, तेव्हा नवं थ्रीडीवाल्याने घरीच जुळवलं. मदतीला सिस्टरचा धाकटा भाऊ होता. या मेहुण्याचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि बोलायला लागला की दुकान आवरायची वेळ झाली तरी तो थांबत नसे. दोघांनी तीन रविवार जमिनीवर मांडी घालून पेटी जुळवली. हवा आत ओढायला पुढे दोन पंखे, गरम हवा बाहेर फेकायला मागे एक. मागचा पंखा जुन्या मशीनमधलाच काढून लावला, कारण तो धडधाकट होता आणि थ्रीडीवाल्याला चालू वस्तू टाकवत नसे.

एका मंगळवारी सकाळी सिस्टर आली ती चपला न काढताच पलंगावर बसली.

"काल मला डोळा लागला," ती म्हणाली.

"कुठे?"

"ड्यूटीवर. खुर्चीत बसल्या बसल्या. सात नंबरच्या पेशंटचं औषध पंपावर होतं, ते संपलं. अलार्म वाजत होता म्हणे दोन मिनिटं. मला ऐकूच आला नाही हो. पलीकडच्या बाजूची मुलगी धावत आली म्हणून बरं."

"आणि पेशंट?"

"बरा आहे. त्याला कळलंही नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच आपण चुकीचं बोललो हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून समजलं.

"काय झालं तर? तो माझ्या भरवशावर झोपला होता!" एवढा आवाज तिने चढवल्याचं त्याला वर्षभरात आठवत नव्हतं. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मेट्रन काही बोलल्या नाहीत. दिवसपाळी मागितली, तर तीन महिने थांब म्हणाल्या. पण मी तुम्हाला सांगून ठेवते, परत एकदा असं झालं तर मी राजीनामा देणार. माझ्या झोपेपायी कोणाचा जीव गेला तर मला नाही जगता यायचं."

तिने चपला काढल्या, अंघोळ केली आणि झोपली. अकराला जागी झाली. साडेबाराला जागी झाली. दीडला पाणी प्यायला उठली आणि छताकडे बघत पडून राहिली. तो सगळं कोपऱ्यातून बघत होता. गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं, आणि वय झालं, पन्नाशी आली, असं म्हणून दोघांनी ते अंगावर काढलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मान वळवून टेबलाखालच्या पेटीकडे पाहिलं. रेंडर लागलं की पुढचे पंखे भणभणायला लागायचे. मागचा तर सदानकदा भुणभुणत असायचा. ही झोपणार कशी? बायकोची झोप आपलंच मशीन खातंय, हे आठ महिने आपल्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

टेबल स्वयंपाकघरात हलवायचं तर तिथे ओट्यापुढे एक माणूस आडवा उभा राहिला तरी दुसऱ्याला वळता येत नव्हतं. कानात घालायला तिला बोळे आणून दिले, तर तिने पाच मिनिटांत काढून ठेवले. "कान बंद झाले की मला घाबरायला होतं," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानेही पुढे काही विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर पुढचा महिना वाचला असता. पण नवरे विचारत नाहीत, आणि दमलेल्या बायका आपण होऊन सांगत नाहीत.

त्याने मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, तुमचा मागचा पंखा तीन पिनांचा आहे," मेहुणा म्हणाला. "आणि मशीनला वाटतंय तो चार पिनांचा आहे. त्यामुळे त्याला हळू हो म्हटलेलं समजतच नाही. आठ महिने तो बिचारा जिवाच्या आकांताने फिरतोय. सेटिंग बदला, गप्प बसेल."

मशीन सुरू होताना एक बटण दाबून धरलं की आतल्या सेटिंगचा निळा पडदा उघडतो. तिथे प्रत्येक पंख्याचा एक आलेख असतो. खाली तापमान, उभ्यात पंख्याचा वेग. आलेखावरचे ठिपके बोटभर वरखाली सरकवले की किती गरम झाल्यावर किती जोरात फिरायचं हे पंख्याला समजतं. थ्रीडीवाल्याने मागच्या पंख्याचं सेटिंग बदललं, आणि आठ महिन्यांची भुणभुण एका क्षणात थांबली. त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्याला इतका आनंद झाला की त्याने मेहुण्याला दुकानाच्या गर्दीत परत फोन करून धन्यवाद दिले.

त्या दिवशी सिस्टर पाच वेळा उठली.

आता पंख्यांची चढउतारच नडतेय, असं त्याने ठरवलं. साधी फाइल उघडली तरी तापमान उसळी मारी, पुढचे पंखे अंगावर धावून आल्यासारखे उठत, आणि पाच सेकंदांत परत मवाळ होत. त्याने ठिपके खाली ओढले. पंख्यांनी उठायला वेळ घ्यावा अशी सोय केली. पेटी उघडून ब्रशने धूळ झाडली. पेटीखाली जुन्या सतरंजीची घडी घातली. खुर्ची करकरायची, तिला तेल दिलं. कीबोर्डखाली टॉवेल आला. माउसची टकटक ऐकू जाऊ नये म्हणून तो बोटाने कळ दाबण्याऐवजी कुरवाळायला लागला. फोन आला की स्वयंपाकघरात जाऊन, नळाकडे तोंड करून कुजबुजायचा. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस विचारायचा, "साहेब, घसा बसलाय का?" स्वतःच्या घरात तो चोरपावलांनी फिरायला लागला. पण ही सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी. ती उठायची, उशी उलटी करायची, भिंतीकडे तोंड करायची, आणि डोळे मिटून घ्यायची.

तिच्या डोळ्यांखाली आता कायमची काळी वर्तुळं आली होती. ड्यूटीवर ती बसेनाशी झाली होती. सहकारी मुलींनी खुर्ची पुढे केली तरी ती उभी राहायची, रात्रभर खाटांमधून येरझाऱ्या घालायची, आणि घरी आल्यावर सुजलेली पावलं उशीवर ठेवायची. "बसले की संपलं," ती म्हणायची. एकदा तिने साबणाच्या डब्यात चहापत्ती भरून ठेवली. दोघं हसली, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

शेवटचा उपाय मेहुण्यानेच सांगितला. नव्या पंख्यांची एक खुबी असते. मशीन पुरेसं थंड असेल तर ते पूर्ण थांबू शकतात. आलेखाचा पहिला ठिपका शून्यावर आणून ठेवायचा. पन्नास अंशांच्या खाली गेलं की पंखे बंद, हूं नाही की चूं नाही. मागच्या जुन्या पंख्याला हे जमत नव्हतं, म्हणून तोही बदलून टाकला. थ्रीडीवाल्याने चार दिवस खपून सगळं जमवलं. आता रेंडर चालू असतानाच काय तो आवाज. ते संपलं की एक पंखा थांबे, मग दुसरा, मग तिसरा. खोलीत अशी शांतता पसरे की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकलेला ऐकू यावा. मग त्याने घड्याळाचा सेलही काढून ठेवला.

आणि सिस्टर आता नुसती जागी होत नव्हती, दचकून उठत होती.

गुरुवारची दुपार होती. अडीचचा सुमार. एका मोठ्या गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराचं, नेहमीच्या चौपट मोठं रेंडर त्याने बाराला लावलं होतं. पंख्यांची घरघर एकसारखी चालू होती, आणि सिस्टर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तिच्याकडे बघून त्याला बरं वाटलं. बाहेर ऊन तापलं होतं, त्यालाही पेंग येत होती. रेंडर पूर्ण झालं. पहिला पंखा थांबला. दुसरा थांबला. तिसरा थांबला. त्याने समाधानाने मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

गळ्यावर दोन थंड बोटं टेकली तेव्हा त्याने डोळे उघडले.

सिस्टर त्याच्यावर वाकून उभी होती. अनवाणी, केस सुटलेले. बोटं त्याच्या जबड्याखालच्या शिरेवर बरोबर रुतलेली, आणि डोळे भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे. ती ठोके मोजत होती. दुसरा हात त्याची हनुवटी वर उचलत होता, श्वास मोकळा व्हावा म्हणून.

"अगं, काय करतेस?"

तिने ऐकलं नाही. "व्हेंटिलेटर बंद पडलाय," ती दाराकडे बघून म्हणाली, घाईत पण अगदी स्पष्ट. "डॉक्टरांना हाक मारा. श्वास द्यायचा फुगा द्या मला, फुगा." आणि तिचा हात त्याच्या खांद्यामागे काहीतरी शोधायला लागला.

तिचे डोळे सताड उघडे होते आणि ती झोपेत होती.

"सिस्टर," तो म्हणाला. मग एकोणीस-वीस वर्षांत न घेतलेलं तिचं नाव त्याच्या तोंडून गेलं, अगदी हळू. "मी आहे. घरी आहोत आपण. मी बरा आहे."

तिच्या बोटांनी आणखी चार-पाच ठोके मोजले. मग ती सैल पडली. तिने त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि पलंगाच्या कडेवर बसून रडायला लागली. तो तिच्या शेजारी बसला. पाठीवर हात ठेवावा की नको हे त्याला समजेना, म्हणून त्याने तिचं पाऊल हातात घेतलं आणि नुसता धरून बसला.

"मशीन थांबलं," रडू ओसरल्यावर ती म्हणाली.

"थांबलं नाही. मी गप्प केलं. तुला झोप लागावी म्हणून."

"आमच्याकडे गप्प झालेलं मशीन म्हणजे..." तिने नाक पुसलं. "अलार्मचं एक असतं हो, तो वाजतोच रात्रभर, खरा-खोटा. त्याची सवय होते. पण श्वासाचं मशीन चालता चालता थांबलं ना, की आम्ही पळतच सुटतो. विचार नंतर. एकोणीस वर्षं झाली. मलाही माहीत नव्हतं की मी हे घरी घेऊन येते." मग ती म्हणाली, "जुन्या मशीनचा केवढा आवाज होता, आठवतंय? तेव्हा मी मेल्यासारखी झोपायचे."

थ्रीडीवाल्याला आता उलगडा झाला. रेंडर संपलं की पंखे उतरत, आणि पंखे उतरले की ती उठे. तिच्या उठण्याच्या आधीचा गोंगाट तेवढा त्याने ध्यानात ठेवला होता. मागचा पंखा चुकीच्या सेटिंगमुळे का होईना, आठ महिने एका सुरात भुणभुणत होता. तिला जी काही थोडीफार झोप मिळाली ती त्याच्यामुळे, आणि तोच त्याने पहिल्यांदा बंद पाडला होता. महिनाभर जिवाचं रान करून त्याने बायकोच्या झोपेचा एकेक खांब पाडला होता, आणि वर मेहुण्याला धन्यवाद दिले होते. स्वतःचा राग यावा तर तेवढीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

पुढच्या शनिवारी तिला सुट्टी होती. ती बहिणीकडे गेली तेव्हा त्याने निळा पडदा उघडला. सगळे चढउतार पुसले आणि प्रत्येक पंख्याला एकच वेग दिला, काम असो नसो, गरम असो थंड असो. पण तो वेग सर्वांत अवजड कामालाही पुरायला हवा, नाहीतर मशीन तापून मध्येच बंद पडायचं, आणि मग काय होईल ते त्याने पाहिलं होतं. सर्वांत मोठं रेंडर लावून तो आकडे बघत बसला. मिनिटाला नऊशे फेऱ्यांना तापमान नव्वदीला टेकलं, त्याने घाईने काम तोडलं. हजाराला चढत चढत राहिलं. अकराशेला ते अठ्ठ्याहत्तरवर आलं आणि तिथेच थांबलं. दोन तास थांबलं. आत चित्रं तयार करणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, त्याच्यावरचा छोटा पंखाही त्याने तसाच एका वेगाला बांधून टाकला.

"काय हे भाऊजी?" मेहुणा फोनवर कळवळला. "इतकी सुंदर ऑटोमॅटिक सोय सोडून सरळ रेघ? लोक मशीन शांत करायला माझ्याकडे येतात!"

"तुझ्या बहिणीला विचार," थ्रीडीवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सिस्टरने पडद्यावर वाकून पाहिलं. "अगं बाई, सरळ रेघ? आमच्याकडे मॉनिटरवर अशी रेघ दिसली की सगळे धावतात," ती म्हणाली आणि हसली. त्याला हसू आलं नाही.

अकराशे फेऱ्यांचा आवाज म्हणजे काय, हे तीन फुटांवर आठ तास बसणाऱ्यालाच कळेल. दुपार कलली की त्याचं कपाळ ठणकायला लागे, आणि ती ड्यूटीवर गेल्यावर त्याने मशीन बंद केलं तरी कानात ते चालूच राही. पण सोमवारी ती दोनपर्यंत झोपली. बुधवारी साडेतीनपर्यंत. पुढच्या आठवड्यात एकदा चार वाजून गेले तरी ती हलेना. त्याचं काम केव्हाच आटोपलं होतं, डोकं फुटायला आलं होतं, पण त्याने मशीनला हात लावला नाही. तिच्या डोळ्यांखालचं काळं काही गेलं नाही. तेवढं एकदम जात नाही. ड्यूटीवर मात्र ती आता खुर्चीत बसायला लागली होती.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी ती नेहमीपेक्षा उशिरा आली. त्याने चहा पुढे ठेवला. तिने कप दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

"अकरा नंबरच्या आजी गेल्या," ती म्हणाली. "पहाटे पाचला."

"अरेरे."

"जाणारच होत्या. मुलगा तीन दिवस बाकावर बसून होता, काल मीच त्याला घरी पाठवलं, जरा पाठ टेक म्हटलं. पावणेपाचला आजींनी डोळे उघडले. पाणी देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. हात दे म्हणाल्या." तिने कपावरची आपली बोटं पाहिली. "मग धरून बसले."

त्याला एक विचारायचं होतं. ते तोंडावर आणायची त्याला लाज वाटत होती, कारण बाई गेली होती आणि त्याला आपल्या बायकोचीच पडली होती. तिने मान वर केली.

"जागी होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. पूर्ण जागी होते."

मग तिने चहा संपवला, सगळा. अंघोळ करून आली आणि पलंगावर आडवी झाली. त्या दिवशी त्याच्याकडे काम नव्हतं. बिल्डरचं ऑफिस बंद होतं, आणि कालचं कपाळ अजून ठणकत होतं. त्याने खिडकीचा पडदा ओढला, टेबलापाशी बसला आणि मशीनचं बटण दाबलं. पंखे फिरायला लागले, अकराशेला पोचले आणि तिथेच राहिले. चार वाजेपर्यंत तो तसाच बसून होता.